उणे २९ सेकंद : आरटीसी ड्रायव्हरच्या रिव्ह्यूचं एक प्रकरण

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एक छोटी कंपनी पंपहाऊससाठी डबे बनवते. डबा म्हणजे पत्र्याच्या पेटीतला डेटा लॉगर. पंप कधी चालू झाला, कधी बंद झाला, टाकीत पाणी किती, हे तो लिहून ठेवतो आणि ठरलेल्या वेळी पंप स्वतः चालूही करतो. पंप चालवणाऱ्या ठेकेदाराला पैसे तासांवर मिळतात, त्यामुळे डब्यातलं घड्याळ चुकलं की भांडण ठरलेलं. मी तिथे पगारावर नाही. आठवड्यातून दोन दिवस दांडिया बाजारातून स्कूटर काढतो, कोड बघतो म्हणजे रिव्ह्यू करतो, चहा पितो आणि घरी येतो.

उन्हाळ्यात नवा बोर्ड आला. जुन्या डब्यात आठ बिटांचा मायक्रोकंट्रोलर होता, नव्यात एआरएम प्रोसेसर आणि त्यावर लिनक्स. घड्याळाची चिप (आरटीसी, म्हणजे रिअल टाइम क्लॉक) मात्र तीच ठेवली, एनएक्सपीची पीसीएफ ८५६३. आठ पायांची, ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालणारी, आय-टू-सी या दोन तारांच्या बसवर हेक्स (सोळाच्या पायातल्या) ५१ या पत्त्यावर बसणारी. ३ व्होल्टवर ती जेमतेम पाव मायक्रोअँपिअर खाते, म्हणून बटण सेलवर वर्षानुवर्षं निघतात. सेलसाठी वेगळा पाय मात्र तिला नाही. डायोड लावून सेल आणि मुख्य सप्लाय एकाच पायावर आणावे लागतात. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी बोलून वेळ आणणारा कोड, लिहायचं काम एका नव्या मुलाकडे होतं. कॉलेजातून बाहेर पडून वर्षच झालेलं, मराठी घरातला. कंपनीत बाकीचे मला सर म्हणतात, हा काका म्हणतो, कारण त्याचे वडील माझ्या ओळखीचे. त्यानं ३१२ ओळी पाठवल्या आणि खाली लिहिलं, ‘काका, चालतंय. दोन दिवस टेबलावर ठेवलं, एक सेकंद इकडचा तिकडे नाही.’

रिव्ह्यूत ‘चालतंय’ हा शब्द आला की मी चष्मा पुसून घेतो. घड्याळाच्या बाबतीत तर नक्कीच, कारण घड्याळ बिघडलं तरी चालतच असतं.

सात रजिस्टरं, सात फेऱ्या

या चिपमध्ये वेळ सात रजिस्टरांत, म्हणजे एकेका बाइटच्या कप्प्यांत, असते, हेक्स ०२ ते ०८: सेकंद, मिनिट, तास, तारीख, वार, महिना, वर्ष. सगळं बीसीडीत, म्हणजे ५९ सेकंद हे हेक्स ५९ म्हणूनच लिहिलेले. मुलानं एक सुटसुटीत फंक्शन केलं होतं, रजिस्टरचा नंबर द्यायचा आणि एक बाइट घ्यायचा. वेळ वाचताना त्याला सात वेळा हाक मारलेली. वाचायला अगदी गोड कोड. लिनक्सला महिना ० ते ११ लागतो आणि वर्ष १९०० पासून मोजलेलं लागतं, तेही त्यानं बरोबर सांभाळलं होतं. पहिल्यांदा ड्रायव्हर लिहिणारे निम्मे लोक तिथेच पडतात.

पण सात हाका म्हणजे बसवर सात वेगळ्या फेऱ्या, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये घड्याळ थांबत नाही. समजा खरी वेळ ०६:२९:५९ आहे. आपण सेकंद वाचले, ५९. तेवढ्यात मिनिट पालटलं. आता मिनिट वाचलं, ३०. हातात आलं ०६:३०:५९. खरी वेळ ०६:३०:००, आपण ५९ सेकंद पुढे. बरोबर तासाच्या टोकावर, सेकंद आणि मिनिट दोन्ही वाचून झाल्यावर पालट झाला, तर १०:५९:५९ च्या जागी ११:५९:५९ मिळतं, म्हणजे अख्खा तास पुढे. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री काय काय निघू शकतं ते वाचकांनी फावल्या वेळात मांडून बघावं.

इथे मी थबकलो, कारण ‘५९ सेकंद पुढे’ हे मी कुठेतरी बघितलं होतं.

कंपनीच्या ऑफिसात एक बेन महिन्याचे रिपोर्ट काढतात. जुन्या डब्यांची मेमरी कार्डं येतात, त्यातल्या ओळी एक्सेलमध्ये घेऊन पंपाचे तास काढायचे. दर महिन्याला काही ओळी उणे निघत, आणि जवळपास प्रत्येक वेळी उणे २९ सेकंद. पंप २९ सेकंद उलटा चालला म्हणायचा का? बेननी फिल्टर लावून ठेवला होता, उणे ओळ दिसली की उडवायची. ‘ए तो भूत छे,’ त्या हसून सांगायच्या, आणि मीही हसायचो.

कागदावर मांडल्यावर भूत सापडलं. डब्यात एक संरक्षण आहे: विहिरीत पाणी नसेल तर ३० सेकंदांनी पंप बंद. पंप सुरू झाला खऱ्या ०६:३०:०० ला, नोंद झाली ०६:३०:५९. कोरडा चालला म्हणून ०६:३०:३० ला बंद. तीस वजा एकोणसाठ, उणे २९. पाणी असताना पंप दोन तास चालला की तेच ५९ सेकंद कमी लागायचे, पण एक मिनिट कुठे दिसणार? ठेकेदाराच्या खिशातून गेलं, कोणाला कळलं नाही.

आता प्रश्न उरला तो हा की चूक इतक्या वेळा का व्हावी. मिनिट दिवसात १,४४० वेळा पालटतं आणि पंप सुरू होतो तीनचार वेळा. याचं उत्तर ड्रायव्हरमध्ये नव्हतं, वरच्या प्रोग्रामात होतं. साडेसहा वाजले का हे बघायला डबा दर १० मिलीसेकंदांनी चिप वाचतो. म्हणजे नेमका पालटाच्या क्षणावर डोळा लावून बसलेला. आय-टू-सी १०० किलोहर्ट्झवर, एका बाइटच्या फेरीला ३९ च्या आसपास बिट, म्हणून सेकंद आणि मिनिट या दोन वाचनांत सुमारे ०.४ मिलीसेकंदाचं अंतर. दहात ०.४, म्हणजे दर पंचवीस सुरुवातींत एक फाटकी, अर्धी जुनी अर्धी नवी वेळ. आता कोणी याला भूत म्हणू नये.

मुलाला सांगितलं, तशीच दर १० मिलीसेकंदांनी वेळ वाचत राहा, आधीच्या वेळेपेक्षा मागे गेली तर ओळ छाप, आणि जेवायला चल. पाऊण तासानं परत आलो तर स्क्रीनवर दोन ओळी होत्या. दोन्हींत उडी ५९ सेकंदांची. पंचेचाळीस पालटांत दोन, हिशोब जुळला.

‘पण काका,’ तो जरा अडखळत म्हणाला, ‘हे मी जुन्या फाइलवरनंच घेतलंय. जसंच्या तसं.’

जुनी फाइल उघडली. वरच्या टिप्पणीत माझी आद्याक्षरं.

म्हणजे भूत माझंच. किती वर्षं ते गावोगावच्या पंपांवर फिरत होतं आणि मी बेनबरोबर त्याला हसत होतो. मुलानं काही बोलून दाखवलं नाही, ही त्याची सभ्यता.

दुरुस्ती छोटी आहे. हेक्स ०२ पासून सात बाइट एकाच फेरीत वाचायचे. चिपमध्ये याची सोय मुळातच आहे: वाचन चालू असेपर्यंत ती मोजणी रोखून धरते आणि वाचन संपल्यावर राहिलेला सेकंद पुढे टाकते. अट एवढीच की फेरी एका सेकंदाच्या आत संपावी. लिहितानाही हाच नियम, सगळं एका दमात. डेटाशीटमध्ये हे स्पष्ट छापलंय. मी ते पान त्या काळी उघडलं नसणार.

सेकंदाच्या डोक्यावरचा बिट

खरं सांगायचं तर फाटकं वाचन हा या कोडमधला मोठा दोष नव्हताच. ते निदान उणे येऊन स्वतःची चुगली करत होतं.

सेकंदांना सात बिट पुरतात. आठवा बिट, शून्यापासून मोजला तर बिट ७, चिपनं स्वतःच्या निरोपासाठी ठेवलाय. डेटाशीटमध्ये त्याचं नाव व्हीएल. त्या एकाच सप्लायच्या पायावरचं व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेलं की चिप हा बिट १ करते. अर्थ असा, की मधल्या काळात माझं भान गेलं होतं, या वेळेची मी हमी देत नाही. आणि चिप तो आपणहून पुसत नाही. पुसायचा तर सॉफ्टवेअरनं.

मुलाचा कोड सेकंद वाचताना हेक्स ७एफ लावून हा बिट कापत होता. त्यात गैर काही नाही, न कापता सेकंद कळणारच नाहीत. पण कापलेला तुकडा कोणी बघत नव्हतं. वर प्रोबमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू होताना ड्रायव्हर पहिल्यांदा चिपला भेटतो तिथे, तो बिट आधीच शून्य करून टाकलेला. त्याखाली आणखी एक गोष्ट: तारीख किंवा महिना अशक्य निघाला तर चिपमध्ये चालू वर्षाची १ जानेवारी, दुपारचे १२, असं भरायचं.

‘चालू वर्ष का?’ मी विचारलं.

‘जुन्यात २००० होतं. कस्टमर हसतात म्हणून प्रॉडक्शनवाल्यांनी सांगितलं, जरा बरी तारीख टाक.’

बरी तारीख! दोन हजार साल निदान डोळ्यांत खुपत होतं. ही तर खरी वाटेल अशी खोटी तारीख झाली.

करून दाखवल्याशिवाय पटत नाही, म्हणून सेल काढला, वीज बंद केली, दहा मिनिटं थांबलो आणि डबा चालू केला. वीज पूर्ण जाऊन आल्यावर या चिपच्या वेळेच्या रजिस्टरांत काय असेल हे ठरलेलं नाही, डेटाशीट तिथे फुली मारून मोकळी होते. पहिल्या खेपेला महिना अशक्य आला आणि स्क्रीनवर १ जानेवारी उमटली. ही ओळखता येते. तिसऱ्या खेपेला जे आलं ते बघून मुलगा गप्प झाला: ऑगस्टमधली एक तारीख, दुपारचे सव्वातीन, सगळे आकडे आपापल्या मर्यादेत. ड्रायव्हरची तपासणी पास, कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, पास. डबा शांतपणे त्या वेळेनं नोंदी लिहू लागला. चिपनं ‘मला माहीत नाही’ असं बिट ७ मध्ये सांगितलं होतं, पण तो बिट आपण चौकशीआधीच पुसला होता.

रावपुऱ्यात चिमणाबाईंचा टॉवर आहे, १८९६ सालचा. तसलं घड्याळ अडलं तर काटे एका जागी दिसतात, रिक्षावाल्यालाही कळतं. चिपचं घड्याळ अडून पुन्हा सुरू होतं तेव्हा काटे हलतच असतात. अडल्याची खूण फक्त तो एक बिट.

माझ्या रिव्ह्यूत पहिली ओळ म्हणून हेच गेलं: व्हीएल लागलेला असेल तर वेळ देऊ नकोस, चूक परत कर. प्रोबमध्ये बिटाला हात लावू नकोस. प्रोबमध्ये तारीख भरू नकोस. बिट पुसायची जागा एकच, वेळ लावणारं फंक्शन, आणि तिथेही वेगळं काही करावं लागत नाही. नवे सेकंद लिहिताना बिट ७ शून्यच जातो. खरी वेळ मिळाली तेव्हाच खूण पुसली जाते. चिप बनवणाऱ्यानं दोन्ही एका बाइटमध्ये ठेवले, त्यामागचा विचार मला इतक्या वर्षांनी कळला.

शेठचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी शेठनी केबिनमध्ये बोलावलं. डबा वेळ नाही म्हणून सांगतो, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

‘पण कस्टमरने शुं कहीशुं? घडियाळ बंध छे?’ म्हणजे, कस्टमरला काय सांगायचं, घड्याळ बंद आहे म्हणून?

प्रश्न बरोबर होता. ड्रायव्हरनं चूक परत केली म्हणून डबा बंद पडून चालणार नाही, पंप तर चालले पाहिजेत. मी म्हणालो, शेठ, समजा सेल उतरलेल्या डब्यातून ऑगस्टच्या तारखेच्या ओळी आल्या, त्याच कार्डावर खऱ्या ऑगस्टच्याही ओळी आहेत, ठेकेदार दोन्हीचे तास मागतोय. कुठली खरी, हे तुम्ही कशावरून सांगणार? ते काही क्षण पेन फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘सेल केटलानो आवे?’ म्हणजे सेल केवढ्याला येतो. व्यापारी माणूस, मुद्दा पोचला होता.

ठरलं ते असं. ड्रायव्हर फक्त खरं बोलेल, पुढे काय करायचं ते वरचा प्रोग्राम ठरवेल. वेळ नसेल तर आमच्या बोर्डावर सिस्टिमचं घड्याळ १ जानेवारी १९७० ला उभं राहतं. त्या अवस्थेत डबा तारीख लिहीत नाही, बोर्ड सुरू झाल्यापासूनचे सेकंद लिहितो आणि ओळीपुढे ‘वेळ नाही’ अशी खूण टाकतो. जीएसएम मोडेमकडून वेळ आली की ती चिपला लावायची आणि मागच्या ओळींच्या तारखा मोजून भरायच्या, खूण तशीच ठेवून. पडद्यावर सेलचं चित्र लुकलुकतं. कस्टमरचा फोन आला तर तो सेल बदलायला येतो, बिलावरून भांडायला नाही.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट बदलली आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची. पंप किती वेळ चालला हे दोन तारखांच्या वजाबाकीतून काढायचंच नाही. कर्नलमध्ये एक मोनोटॉनिक घड्याळ असतं, जे मागे जात नाही आणि कोणी वेळ बदलली तरी हलत नाही. कालावधी त्यावर मोजायचा. साडेसहा वाजले का हेही सिस्टिमच्या घड्याळाला विचारायचं, दर १० मिलीसेकंदांनी चिपचं दार ठोठवायचं कारण नाही. मायक्रोकंट्रोलरवर दुसरं घड्याळच नव्हतं म्हणून ती सवय लागली होती.

किरकोळ

अलार्मचा इंटरप्ट (चालू काम थांबवून ‘आधी हे बघ’ म्हणणारी हाक) आला की त्याच्या हँडलरमध्येच आय-टू-सीचं वाचन होतं. आय-टू-सीला वाट बघावी लागते, म्हणजे झोपावं लागतं, आणि इंटरप्टमध्ये झोपायला बंदी. हे काम थ्रेडमध्ये न्यायला सांगितलं. या चिपच्या अलार्मला सेकंद नाहीत, तो मिनिटाला लागतो, हेही कोडला माहीत नव्हतं.

वेळेत साडेपाच तास मिळवले होते, ड्रायव्हरच्या आत. चिपमध्ये यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, ठेवायची आणि भारतीय वेळ दाखवताना करायची. मुलगा म्हणाला, इथे सगळे आयएसटीच बघतात. मी म्हटलं, आयएसटी साडेब्याऐंशी रेखांशाची, बडोदं त्र्याहत्तरवर. आपला सूर्य त्या घड्याळाच्या सुमारे ३७ मिनिटं मागे आहे, तीही मिळवतोस का?

आणि दर चोवीस तासांनी २ सेकंद पुढे ढकलणारा एक टायमर. मे महिन्यात डबा मागे पडतो म्हणून घातलेला. मागे पडतो हे खरं. हे क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सर्वात वेगात असतं, आणि तापमान वर गेलं काय, खाली गेलं काय, मंदावतंच. मंदावणं फरकाच्या वर्गाप्रमाणे, दर अंशवर्गाला ०.०३४ पीपीएमच्या (दहा लाखांतला एक भाग म्हणजे एक पीपीएम) आसपास. पेटीत ५० अंश असतील तर साधारण २१ पीपीएम, दिवसाला १.८ सेकंद. जानेवारीच्या १० अंशांच्या पहाटे तेच ८ पीपीएमपेक्षा कमी. म्हणजे मेमध्ये बरोबर बसवलेले २ सेकंद थंडीत घड्याळ पुढे पळवणार. मोडेम रोज वेळ देतोय, टायमर काढ, एवढंच लिहिलं.

३१२ ओळींचं काय झालं

हे सगळं लिहून झाल्यावर रात्री घरी बसून मी तो प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता: लिनक्समध्ये या चिपचा ड्रायव्हर आधीच नाही का?

आहे. कित्येक वर्षांपासून. एका फेरीत वाचतो, व्हीएल लागलेला असेल तर ‘लो व्होल्टेज डिटेक्टेड’ असं म्हणत चूक परत करतो. शिवाय मला आणि मुलाला, दोघांनाही न सुचलेलं एक दुखणं त्यात सांभाळलंय. महिन्याच्या रजिस्टरात शतकाचा एक बिट असतो. या चिपमध्ये तो ० असेल तर दोन हजारांचं शतक. तिच्याच जातीच्या एप्सनच्या आरटीसी ८५६४ मध्ये अर्थ उलटा धरावा लागतो. कोणीतरी ठेच खाऊन ते टिप्पणीत लिहून ठेवलंय. बोर्ड विकणाऱ्यानं दिलेल्या कर्नलमध्ये हा ड्रायव्हर फक्त बंद ठेवलेला होता.

मुलाला हे सांगणं मला जड गेलं. त्याचे दोन आठवडे, माझे दोन दिवस. तो म्हणाला, ‘म्हणजे सगळं डिलीट?’ मी म्हटलं, सगळं. त्यानं कॉन्फिगमधली एक ओळ चालू केली, डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय जोडलंय त्या यादीत) पाच ओळी घातल्या आणि स्वतःची फाइल काढून टाकली. सेल काढून, वीज घालवून, पुन्हा चालू करून बघायची चाचणी मात्र त्यानं ठेवली. आता प्रत्येक बॅचमधल्या एका डब्यावर ती होते, आणि फाटकं वाचन पकडणारा जेवणाच्या सुट्टीतला प्रोग्रामही तिच्यात चालतो.

त्या दोन दिवसांना मी वाया गेले म्हणायला तयार नाही, कारण जुने डबे अजून बाहेर आहेत. माझ्या आद्याक्षरांचे, साठेक. त्यांत लिनक्स नाही, दुरून काही बदलता येत नाही, प्रोग्रामर नावाचं उपकरण लावून जागेवरच नवा कोड चढवावा लागतो. माझ्या फाइलमधलं सात फेऱ्यांचं वाचन मुलानं एका फेरीचं करून दिलं आणि रिव्ह्यूला मला पाठवलं. मी एकच खोड काढली, त्याची आद्याक्षरंही वर टाक म्हणून. पाऊस सुरू व्हायच्या आत पादरा आणि डभोईकडचे डबे उरकले. सावली गावाकडचे अकरा राहिलेत, तिथला रस्ता सुकला की जाऊ. बेनचा फिल्टर तोवर तसाच आहे, फक्त आता त्या उणे ओळी उडवत नाहीत, वेगळ्या रंगात मला पाठवतात.